माशाच्या कानातला खडा आणि पहिल्या गाबोळीचं वर्ष

ढोम्याच्या कालवणातलं डोकं चोखताना दाताखाली पांढरा, गुळगुळीत खडा येतो. आपण तो ताटाच्या कडेला काढून ठेवतो. घोळ, ढोमा यांच्या कुळात हे खडे चांगलेच मोठे असतात, म्हणून ते नजरेला पडतात. खडे बहुतेक सगळ्याच हाडवाल्या माशांना असतात, फक्त बांगड्या-तारलीत ते इतके बारीक असतात की काट्यांबरोबर निघून जातात.

हा खडा माशाच्या अंतर्कर्णात असतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, म्हणजे एकूण तीन जोड्या. त्यातली एक जोडी बहुतेक माशांत सर्वांत मोठी असते आणि अभ्यासासाठी सहसा तीच काढतात. कानातलं हाड असं कुणी म्हणत असलं तरी हे हाड नव्हे. हाडात पेशी असतात, रक्त खेळतं. हा खडा कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यात थोडंसं प्रथिन मिसळलेलं. माशाचं मांस जवळपास पाण्याच्याच घनतेचं असतं, त्यामुळे आवाजाची लाट आली की सगळा मासा पाण्याबरोबर हलतो. जड खडा मात्र किंचित मागे राहतो. त्या फरकाने खालचे सूक्ष्म केस वाकतात आणि माशाला ऐकू येतं. तोल सांभाळायलाही हे खडे लागतात.

अभ्यासकांना या खड्याचं मोल वेगळ्याच कारणासाठी आहे. मासा अंड्यातून बाहेर पडण्याआधीच खडा तयार व्हायला लागतो आणि मासा जिवंत असेपर्यंत त्यावर थर चढत राहतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक. एकदा बसलेला थर सहसा परत विरघळत नाही. खवल्यांचं तसं नसतं. उपासमारीत किंवा प्रजननाच्या ताणात काही मासे खवल्यांतलं कॅल्शियम काढून वापरतात आणि तिथली नोंद पुसली जाते. खडा त्या काळातही थोडा थोडा वाढत असतो.

जर्मनीतल्या कील इथे योहान्नेस रायबिश यांनी १८९९ मध्ये प्लेस नावाच्या चपट्या माशाचं वय या खड्यांवरून काढलं. उत्तरेकडच्या थंड समुद्रात हे सोपं जातं, कारण उन्हाळा आणि हिवाळा यांत माशाच्या वाढीत मोठा फरक पडतो. वाढीच्या काळात अपारदर्शक पट्टा बसतो, मंद काळात काचेसारखा पारदर्शक. दोन्ही मिळून एक वर्ष. कॉड माशाचा खडा काढण्यासाठी कवटीवर आडवा छेद घेतात आणि चिमट्याने दोन्ही बाजूंचे खडे उचलतात. मग तो शेंगदाण्याएवढा खडा मध्यावर मोडायचा, मोडलेली बाजू वर धरायची, बाजूने प्रकाश सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रापासून कडेपर्यंत वलयं मोजत जायचं. जास्त अचूकपणा हवा असेल तर खडा राळेत बसवून हिऱ्याच्या करवतीने त्याचा पातळ काप काढतात. लिहायला दोन ओळी लागल्या, पण कुठलं वलय वर्षाचं आणि कुठलं मधल्याच एखाद्या ताणाचं, हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते. म्हणून एकच खडा दोन-तीन जण स्वतंत्रपणे वाचतात आणि उत्तरं ताडून पाहतात.

वयाचं हे तंत्र बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. मला जास्त मोलाची वाटते ती खड्यातली प्रजननाची नोंद. मासा वयात आला आहे का हे बघायचं तर पोट फाडून पाहावं लागतं. गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, भरलेली असेल तर प्रश्न नाही. पण पोट फक्त आजचं सांगतं. ही मादी पहिल्यांदाच अंडी घालणार आहे की गेली पाच वर्षं घालते आहे, हे त्यावरून कळत नाही. मासेमारी किती करावी हे ठरवताना नेमकं हेच हवं असतं. मासा पहिल्यांदा प्रजननक्षम कधी होतो आणि त्याआधी जाळ्यात येऊन मरणारे किती, यावर पुढच्या पिढ्या अवलंबून असतात.

नॉर्वेच्या गुन्नार रोलेफसेन यांनी १९३३ मध्ये कॉडच्या खड्यात ही खूण दाखवून दिली. हा कॉड नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात खाऊन-पिऊन मोठा होतो आणि वयात आला की दर हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पोहत नॉर्वेच्या किनाऱ्याला, मुख्यतः लोफोटेन बेटांकडे, अंडी घालायला येतो. या प्रवासात त्याचं खाणं फार कमी होतं आणि शरीरातला साठा अंडी-वीर्य तयार करण्यात जातो. त्याचा परिणाम खड्यावर उमटतो. लहानपणीची वलयं रुंद असतात. पहिल्या प्रजननापासून पुढची वलयं अरुंद, एकसारखी आणि ठळक होतात. त्यांना प्रजनन-वलयं म्हणतात. समजा एकूण बारा वलयं दिसली आणि त्यातली शेवटची तीन अशी अरुंद असली, तर त्या माशाने आतापर्यंत तीन हंगाम अंडी घातली आहेत. पहिल्यांदा कोणत्या वयात घातली, तेही त्याच खड्यावरून काढता येतं.

नॉर्वेने या नोंदी दशकानुदशकं चालू ठेवल्या आणि त्यातून एक अस्वस्थ करणारं चित्र पुढे आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हा कॉड साधारण नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालायला येत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो सहा-सात वर्षांचा असतानाच येऊ लागला. असं का झालं? एक स्पष्टीकरण असं, की मासे कमी झाले, उरलेल्यांना अन्न भरपूर मिळालं, ते लवकर वाढले आणि लवकर वयात आले. दुसरं स्पष्टीकरण उत्क्रांतीचं आहे. पूर्वी मासेमारी मुख्यतः प्रजननाच्या जागी होई, त्यामुळे तिथे उशिरा पोचणारा मासा तोपर्यंत सुरक्षित राही आणि मोठा होऊन भरपूर अंडी घाली. ट्रॉलर, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटी, बॅरेंट्स समुद्रात पोचल्यावर हे गणित उलटलं. आता वयात येण्याची वाट पाहणारा मासा त्याआधीच पकडला जाऊ लागला. लवकर अंडी घालणाऱ्यांचीच पिल्लं मागे राहिली आणि तो गुण पसरत गेला. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला दोन्ही कारणं एकत्र काम करत असावीत असं वाटतं. पण हा वाद घालायला आकडे हाताशी आहेत, ते कुणीतरी वर्षानुवर्षं खडे मोडून वलयं मोजली म्हणूनच.

खडा वेळेवर नीट वाचला गेला नाही तर काय होतं, हे ऑरेंज रफी या खोल समुद्रातल्या माशाने दाखवलं. न्यूझीलंडजवळ १९७०च्या दशकाच्या शेवटी त्याची मोठी मासेमारी सुरू झाली. समुद्रातल्या डोंगरांवर तो प्रजननासाठी थव्यांनी जमतो, त्यामुळे एका ओढीत प्रचंड मासा मिळे. त्याच्या वयाचा सुरुवातीचा अंदाज फारच कमी होता. खड्यातली वलयं इतकी दाट होती की वर्षाचं वलय कोणतं यावरच एकमत होईना. मग ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. खड्यात समुद्राच्या पाण्यातून आलेलं अत्यल्प रेडियम असतं आणि ते क्षय पावत त्यातून ठरावीक गतीने किरणोत्सारी शिसं साठत जातं. दोन्हींचं प्रमाण मोजून त्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की मोठे ऑरेंज रफी शंभरी ओलांडतात. वयात यायलाच त्याला तीसेक वर्षं लागतात. इथेही खड्यात एका ठिकाणी वलयांची रुंदी झपाट्याने घटते आणि तो बदल प्रजनन सुरू झाल्याची खूण मानला जातो. हे सगळं कळेपर्यंत अनेक ठिकाणचा साठा खालावला होता. काही क्षेत्रं मासेमारीला बंद करावी लागली.

आपल्या समुद्रात अडचण वेगळी आहे. इथे पाणी बारा महिने उबदार, त्यामुळे वर्षाची वलयं पुसट उमटतात. बांगडा, तारली, बोंबील हे मासे तर थोडाच काळ जगणारे, त्यांच्यात वर्षं मोजून हाती काय येणार! म्हणूनच भारतात माशांची वाढ बरीचशी लांबीच्या मोजमापांवरून काढली जाते. बंदरावर आलेल्या हजारो माशांची लांबी महिन्यामागून महिना मोजायची आणि कोणता गट किती पुढे सरकला ते पाहायचं. पण जिथे वर्षभर थोडी थोडी पिल्लं जन्मत राहतात, तिथे हे गट एकमेकांत मिसळतात.

यावर उपाय १९७१ मध्ये सापडला. येल विद्यापीठातले भूवैज्ञानिक जॉर्जो पन्नेला यांनी दाखवलं की खड्यात वर्षाच्या वलयांच्या आतही बारीक रेषा असतात आणि त्या रोज एक या हिशेबाने पडतात. त्यांची जाडी मिलिमीटरचे काही हजारांश भाग. खडा दोन्ही बाजूंनी घासून, पॉलिश करून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ केला की मोठ्या भिंगाखाली त्या मोजता येतात. त्या खरोखर रोजच्याच आहेत का, याची खात्री करायची सोय आहे. जिवंत माशाला टेट्रासायक्लिनसारखं औषध देतात, ते त्या दिवशीच्या थरात बसतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. त्यानंतर मासा समजा तीस दिवस टाकीत ठेवला, तर चमकत्या रेषेबाहेर तीस रेषा दिसल्या पाहिजेत.

दिवस मोजता आले की जन्मतारीखही काढता येते. मासा पकडला तो दिवस माहीत असतो, रेषा मोजून तितके दिवस मागे जायचं. पहिली रेषा काही जातींत अंड्यातून बाहेर पडताना पडते, काहींत त्यानंतर काही दिवसांनी, तेवढी दुरुस्ती करायची. अशा शेकडो माशांच्या जन्मतारखा एकत्र मांडल्या की त्या वर्षी कोणत्या आठवड्यात जन्मलेली पिल्लं जगली हे उलगडतं. गाबोळीवरून अंडी कधी पडली एवढंच कळतं. त्यातली तगली कोणती, हे जगलेल्या पिल्लांचे खडे सांगतात. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि अनेक जातींचा प्रजननकाळ हे त्यामागचं एक कारण. प्रत्येक जातीसाठी हे दोन महिने कितपत जुळतात, पाऊस लांबला की जगणाऱ्या पिल्लांच्या तारखा सरकतात का, हे पाहायचं असेल तर ससून डॉकला, हर्णैला, मिरकरवाड्याला उतरणाऱ्या माशांची लांबी मोजताना प्रत्येक जातीतले थोडे खडेही काढून, पकडल्याची तारीख लिहून कोरड्या पाकिटात जपायला हवेत. खडा बर्फाशिवाय, रसायनाशिवाय वर्षानुवर्षं टिकतो. आज वाचायला माणूस नसेल तर तो वीस वर्षांनीही वाचता येईल.