अठराव्या वर्षाचा विमा, बाबांच्या बोनसमधून

अमेरिकेत घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं नाव गाडीच्या विम्याच्या पॉलिसीवर चढलं की हप्ता फुगतो. तिथे १६ ते १९ वयाच्या चालकांच्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण, चाललेल्या मैलांच्या हिशोबात, विशीपुढच्यांच्या जवळपास तिप्पट आहे. दोष नुसत्या बेफिकिरीचा नाही. नवशिक्याची नजर बॉनेटपुढच्या थोड्याच रस्त्यावर खिळते, आरशांकडे कमी जाते. थांबलेल्या बसच्या आडून माणूस येऊ शकतो, हे सरावाने कळतं. म्हणून लायसन्सनंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे. त्यात रात्र आणि मागे बसलेले मित्र, म्हणजे आपल्या नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवरची शनिवारची फेरी.

ठाण्यात मात्र अठरा वर्षांच्या मुलाने बाबांची गाडी घेतली तरी हप्ता सहसा हलत नाही. आपल्याकडे पॉलिसी गाडी आणि मालकाची. घरातल्या चालकांची यादी तिच्यावर नसते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, हप्ता सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरांत पेट्रोल-डिझेल गाडीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, वर १८ टक्के जीएसटी. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, भाग कंपनी ठरवते: मॉडेल, गाडीचं वय, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), नोंदणीचं शहर. काही कंपन्या मालकाचं वयही पाहतात.

मग नवशिक्याची किंमत वसूल होते कुठे? नो क्लेम बोनसमध्ये. क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर सवलत २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढते. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य.

समजा, मूळ ओन डॅमेज हप्ता १२,००० आहे आणि बाबा ५० टक्के सवलतीने ६,००० भरतात. मुलाने पार्किंगच्या खांबाला बंपर घासला, क्लेम केला. पुढची पाच वर्षं हप्ता १२,०००, ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६००. दरवर्षीच्या ६,००० पेक्षा जास्त गेले एकूण १५,०००, जीएसटी धरून १७,७००. (आयडीव्ही दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी.) हातात काय आलं? झीरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन, म्हणजे जास्तीचं कवच) नसेल तर प्लास्टिकच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट. त्यामुळे दहा-बारा हजारांचं डेंटिंग-पेंटिंग खिशातून केलेलं बरं. बोनस वाचवणारं ॲड-ऑन मिळतं, पण त्यात वर्षाला किती क्लेम चालतात ते आधी वाचावं.

गाडी मुलाच्या नावावर घेतली तर? बोनस गाडीचा नसतो, पॉलिसीधारकाचा असतो. बाबांची जुनी गाडी त्याच्या नावावर केली तरी त्याची सुरुवात शून्यापासून. सक्तीचं १५ लाखांचं अपघात कवचही फक्त मालक-चालकाला. बाबांच्या गाडीत मुलगा जखमी झाला तर ते त्याला लागू नाही. त्याची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी हवी. ही गोष्ट सर्रास राहून जाते.

लर्निंग लायसन्सवर पुढे-मागे लाल ‘एल’ आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच. यातलं काही चुकलं तर ओन डॅमेज क्लेम अडकतो. अठराच्या आत कार चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला २५व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

आणि पावसाळा. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की नवशिक्या पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं कवच घेतलेलं नसेल तर असा क्लेम बहुधा नाकारला जातो. गाडी ढकलून कडेला घ्यायची, टो करून गॅरेजला न्यायची, किल्लीला हात लावायचा नाही.