ताहिनी फाटलेली नाही, पाणी कमी पडलंय!

आमच्या ग्राहकांसाठी

हमस (वाटलेल्या काबुली चण्यांचा), मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं), फलाफल म्हणजे चण्याच्या वड्यांबरोबरचा पांढरा सॉस हे पदार्थ घरी करणारे आता पुष्कळ झाले आहेत. आखातात नोकरी करून आलेल्या अनेकांना ही गोडी तिथल्या लेबनीज-सीरियन हॉटेलांनी लावली. तेव्हा ताहिनी म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. पण एक तक्रार सतत येते: "लिंबू पिळलं आणि ताहिनी फाटली, बरणी बदलून द्या."

ती फाटलेली नसते. ताहिनी म्हणजे तिळाच्याच तेलात मिसळलेले तिळाचे अगदी बारीक कण. त्यात थोडासा रस किंवा पाणी गेलं की कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चमचा फिरणार नाही असा खरबरीत गोळा होतो. बहुतेक जण नेमके इथेच थांबतात, नाहीतर वरून तेल ओततात. तेलाने गोळा सुटत नाही. गार पाणी चमचा-चमचा घालत फेटत राहा. आधी तो आणखी घट्ट होईल, तरी थांबू नका. पुरेसं पाणी गेलं की रंग एकदम उजळतो आणि सॉस चमच्यावरून सावकाश ओघळू लागतो.

अंदाज असा: अर्धी वाटी ताहिनी, एका मोठ्या लिंबाचा रस, मिठाबरोबर ठेचलेली लसणाची एक पाकळी आणि साधारण अर्धी वाटी गार पाणी. लेबनॉनमध्ये या सॉसला तारातोर म्हणतात आणि तो माशाबरोबर खातात. इजिप्तमध्ये त्यात जिरेपूड घालतात आणि पावाबरोबर तो आधी समोर येतो. पॅलेस्टिनी घरांत खिम्याच्या कोफ्त्यांवर हाच सॉस ओतून ट्रे ओव्हनमध्ये जातो. त्यासाठी मात्र तो पातळच ठेवा, भाजताना दाटतो.

हमसमध्येही हा सॉस आधी वेगळा करून घ्या, मग वाटलेल्या काबुली चण्यात मिसळा. चणे रात्रभर भिजवून, चिमूटभर सोडा घालून, बोटांत सहज चिरडतील इतके शिजवा. पूर्वी ते लाकडी मुसळीने कुटत. आज अरब घरांतही फूड प्रोसेसर आहे आणि वाटताना त्यात बर्फाचे दोन खडे टाकले तर हमस हलका होतो.

बरणीत वर तेल आलं तर ओतून टाकू नका. ते गेलं की तळाशी राहतो तो दगड, आणि मग तीच बरणी "जुना माल" म्हणून परत येते. आम्ही सोललेले तीळ मंद आचेवर भाजून दगडी ग्राइंडरवर दळतो. तेल वर येऊ नये म्हणून त्यात काही मिसळत नाही, त्यामुळे ते येणारच. उघडण्याआधी बरणी रात्रभर उलटी ठेवा, मग तळापासून ढवळा. ओला चमचा आत घालू नका.

"तिळाचा कूट चालेल का?" असंही विचारतात. चटणीला उत्तम, इथे नाही. न सोललेल्या तिळाची साल कडसर लागते आणि घरचा मिक्सर तीळ इतके बारीक करत नाही, म्हणून सॉस रवाळ राहतो. एखाद्या खेपेला रंग जरा गडद दिसला तर तो भाजणीचा फरक समजा. गाझामध्ये तर तीळ मुद्दाम जास्त भाजून लाल ताहिनी करतात.

उघडलेली बरणी आम्ही बदलून देत नाही. पण घट्ट झालेला सॉस डब्यात घालून आणा, तुमच्यासमोर सैल करून देतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी लहान बरणी न्यावी. सुमाक (आंबट, तांबडी पूड) आणि झातर (सुकवलेली पानं आणि तिळाचा मसाला) हेही ठेवतो. हमसवर सुमाक भुरभुरायचा असेल तर थोडाच न्या, जुना झाला की त्याचा आंबटपणा उतरतो.