आउसबिल्डुंग की आनेरकेनुंग? आयटीआयवाल्यांनो, आधी सर्टिफिकेट बघा

जर्मनीत घरांची बोंब आहे. मागच्या सरकारने वर्षाला 4 लाख घरं बांधायचं ठरवलेलं, 2024 मध्ये झाली अडीच लाखांच्या आसपास. खर्च वाढला, व्याजदर वाढले आणि त्यात हाताने काम करणारी माणसंही कमी. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 10 हजार कुशल लोक पाठवायचा करार केला, तेव्हापासून पुण्यात ज्याला बघावं तो जर्मनचा क्लास लावतोय.

माझा भाचा आयटीआय प्लंबर. एजंट त्याला म्हणाला, तुझं आनेरकेनुंगमध्ये, म्हणजे इथलं सर्टिफिकेट तिथे मान्य करून, होऊन जाईल, आणि आठवड्याने फॉर्म दिला तो आउसबिल्डुंगचा, म्हणजे तिथल्या ट्रेनिंगचा! विचारलं तर म्हणे "एकच आहे रे ते."

एकच कसलं डोंबलाचं. आउसबिल्डुंग म्हणजे पहिल्यापासून शिकणं, थोडे दिवस कंपनीत थोडे दिवस शाळेत, असं साधारण तीन-साडेतीन वर्षं. स्टायपेंड मिळतो, 2025 मध्ये पहिल्या वर्षाला कायद्याने कमीत कमी महिना 682 युरो. जर्मन भाषा साधारण बी1 लेव्हलची लागते. म्हणजे सिंहगड रोडच्या साइटवर पाच वर्षं पाइप टाकलेला गडी तिकडे परत ट्रेनी.

आनेरकेनुंगमध्ये शिकायचं नसतं, तुमचं इथलं सर्टिफिकेट तिथल्या ट्रेडशी ताडून बघतात. कारागिरीच्या कामांसाठी हे हांडव्हेर्क्सकामर, म्हणजे तिथलं कारागिरांचं चेंबर, बघतं. पूर्ण जुळलं तर थेट कारागीर म्हणून नोकरी, अर्धवट जुळलं तर जे कमी पडतं तेवढंच शिकून भरून काढायचं. आता गंमत बघा, तिकडच्या प्लंबरच्या ट्रेडमध्ये हीटिंग आणि एसी पण येतं. आपल्याकडे गिझर बसवला की हीटिंग संपलं, त्यामुळे तिथे गॅप निघणारच.

मार्च 2024 पासून असंही करता येतं की आधी जायचं, काम करत करत आनेरकेनुंग पूर्ण करायचं. त्याला नोकरीचं काँट्रॅक्ट पाहिजे, ए2 जर्मन (बी1च्या खालची लेव्हल) पाहिजे आणि इथे केलेला कोर्स किमान 2 वर्षांचा पाहिजे. खरी मेख इथेच आहे, कारण आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर 2 वर्षांचा, पण प्लंबर, वेल्डर, सुतार, गवंडी एकाच वर्षाचे. भाच्याचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट टेबलावर ठेवून मी कालावधीवर बोट ठेवलं, एक वर्ष, आणि पोरगं गप्पच झालं. एजंटाला हे माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

त्याला म्हटलं, तुझं वय एकवीस, तू आउसबिल्डुंगच कर, साडेतीन वर्षांनी तिथलाच कागद हातात असेल. बी1 चालू आहे त्याचं.

त्याचा दोस्त इलेक्ट्रिशियन, 2 वर्षांवाला, त्याने आनेरकेनुंग धरलंय. त्यात कामाचा अनुभव दाखवला तर गॅप कमी होऊ शकतात, म्हणून सध्या तो जुन्या ठेकेदाराच्या मागे अनुभवाच्या पत्रासाठी फिरतोय. चार वर्षं पगार रोख दिला त्या माणसाने, आता म्हणतो लेटरहेड कशाला पाहिजे, मी फोनवर सांगतो ना त्यांना.