खनिज इंधन उद्योगाचा हवामानधोरणावरील प्रभाव (कोकण)

कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या व्यवसायातील कंपन्यांनी हवामानबदलाचे संशोधन, लोकमत आणि शासकीय निर्णय आपल्या सोयीने वळवण्यासाठी केलेले प्रयत्न.

उद्योगाला धोका कधी कळला, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक १९५९ हे वर्ष धरतात. त्या वर्षी न्यूयॉर्कमधील परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी तेल उद्योगातील मंडळींना कार्बन डायऑक्साइडमुळे बर्फ वितळून समुद्र चढेल, असे सांगितले होते. पण एका भाषणावर एवढी भिस्त ठेवणे ताणलेले वाटते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेने करवून घेतलेला १९६८चा अहवाल आणि एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीतील शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७मध्ये कंपनीच्या वरिष्ठांपुढे केलेले निवेदन हे अधिक भक्कम पुरावे होत. एक्सॉनच्या शास्त्रज्ञांनी वर्तवलेली तापमानवाढ (दशकाला सुमारे ०.२ अंश सेल्सियस) बरीचशी खरी ठरली. तरीही या विज्ञानाविषयी शंका पसरवणाऱ्या ग्लोबल क्लायमेट कोअलिशन या उद्योगांच्या गटामध्ये (१९८९–२००२) ही कंपनी होती.

कोकणाशी संबंध आलेली एन्रॉन ही वायू व विजेच्या व्यवसायातील अमेरिकी कंपनी मात्र उलट्या बाजूला होती. कोळशावर निर्बंध आले तर वायूचा खप वाढणार, म्हणून तिने उत्सर्जन घटवण्याच्या १९९७च्या क्योटो कराराची व उत्सर्जन-व्यापाराची (उत्सर्जनाच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीची) पाठराखण केली. तिचा दाभोळ वीज प्रकल्प (प्रत्यक्षात खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात) १९९९मध्ये सुरू झाला तो मात्र वायूवर नव्हे, नाफ्ता या खनिज तेलापासूनच्या द्रव इंधनावर. जागतिक बँकेने १९९३मध्ये त्याला कर्ज नाकारले होते. ‘शिक्षण’ आणि प्रकल्पविकास यांवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्याने १९९५मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीला सांगितले. विरोधकांनी यात लाच पाहिली. ती न्यायालयात सिद्ध झाली नाही. शिकवणी नेमकी कोणाची झाली, हा प्रश्न मात्र गैरवाजवी म्हणता येत नाही.

राजापूर तालुक्यातील नाणारची वार्षिक ६ कोटी टन क्षमतेची नियोजित रिफायनरी तीन सरकारी तेल कंपन्यांची होती. २०१८मध्ये सौदी अराम्को व अबुधाबीची ॲडनॉक भागीदार म्हणून पुढे आल्या. कंपन्याच सरकारी असल्याने इथे दबाव आणणारा आणि निर्णय घेणारा यांत फारसे अंतर उरत नाही. समर्थक तिला ‘ग्रीन रिफायनरी’ म्हणत. मार्च २०१९मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे त्याच तालुक्यातील बारसू-सोलगावचा पर्याय आला आणि एप्रिल २०२३मध्ये माती परीक्षणाच्या गाड्या अडवायला बायाबापड्या भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांची कैफियत आंबा, काजू, मासळी, जमीन आणि सड्यावरची (खडकाळ पठारावरची) कातळशिल्पे यांची होती. कार्बनचा उल्लेख दोन्ही पक्षांकडून विरळाच.