भरतीच्या मेडिकलमध्ये अनफिट, मग हायकोर्ट: पार्श्वभूमी

नागपूरच्या रेशीमबागेत नाहीतर मानकापूरला केंद्रीय दलांच्या (सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे) भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोट्ट्यांना डीएमई (पहिली सविस्तर मेडिकल तपासणी), आरएमई (अनफिट ठरल्यावरची फेरतपासणी) म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. अनफिट ठरवण्यावरून होणारं भांडण कोर्टापर्यंत कसं गेलं तेवढं सांगतो.

जुनं थोडक्यात. पूर्वी केंद्राविरुद्ध रिट (सरकारविरुद्ध थेट हायकोर्टात करायचा अर्ज) टाकायची तर सरकार बसतं तिथलंच हायकोर्ट गाठावं लागायचं, 1963 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर जिथं प्रकरण घडलं तिथलं हायकोर्टही चालायला लागलं, म्हणून नागपुरात मेडिकल झालेला पोरगा सिव्हिल लाईन्सच्या खंडपीठात जाऊ शकतो.

पण खरी कहाणी मे 2015 पासूनची. तेव्हा सगळ्या केंद्रीय दलांसाठी मेडिकलच्या एकसारख्या गाईडलाईन्स आल्या. नॉक नी (एकमेकांना टेकणारे गुडघे), फ्लॅट फूट (सपाट तळवे), व्हेरिकोज व्हेन (फुगलेल्या शिरा), सॅल्यूटच्या उजव्या हातावरचा टॅटू, सगळं त्यात. घोळ झाला तो अपीलचा. तेव्हा अनफिट ठरलेला पोरगा घरी यायचा आणि मेडिकल-मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत चकरा मारायचा, कारण अपीलला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं. तेही साधं फिटनेसचं नाही. दलाच्या मेडिकल बोर्डानं याला अनफिट केलंय हे मला माहीत आहे, तरी बोर्डाची चूक झाली असू शकते, असं डॉक्टरनं लिहून द्यायचं. आता कोणता सरकारी डॉक्टर हे सहज लिहून देईल! तरी त्यात दोन गोष्टी मिळायच्या, वेळ आणि एक कागद. 2021 मध्ये गाईडलाईन्स बदलल्या, तेव्हापासून रिव्ह्यू, म्हणजे आरएमई, बहुतेक दुसऱ्याच दिवशी. भरती लवकर आटपते हे मान्य, पण बाहेरच्या डॉक्टरला दाखवायला मधे वेळच उरला नाही, आणि मागाहून आणलेल्या सर्टिफिकेटवर कोर्टात ठरलेलं उत्तर मिळतं की दलाची नोकरी वेगळी, तिचे निकष कडक, ते दलाच्याच डॉक्टरांना कळतात. नंतर ऑपरेशन करून घेतलं तरी सहसा उपयोग नाही, तपासणीच्या दिवशी काय होतं तेच बघतात.

2024 मध्ये दिल्ली हायकोर्टानं मात्र दार थोडं उघडं ठेवलं. डीएमई आणि आरएमई या दोन बोर्डांची मतं जुळत नसली, किंवा आजार स्पेशालिस्टनंच बघण्यासारखा असून बोर्डावर तो नसला, तर कोर्ट हात घालू शकतं. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. पण जिंकलं तरी हातात थेट जॉइनिंग पडत नाही, बहुतेक वेळा पुन्हा एका बोर्डासमोर उभं राहायचं असतं, आणि तोवर बरोबरच्यांचं ट्रेनिंग सुरू झालेलं असतं.