झाडांच्या बुरशी रोगांत किडींचा हात

बुरशीला ना पाय ना पंख. तिचे बीजाणू वाऱ्यावर, पावसाच्या थेंबांवर, मातीतून, छाटणीच्या कात्रीवरून फिरतात, पण काही बुरश्यांनी या कामाला सरळ किडीच धरल्यात. कीड झाडाला भोक पाडते, बीजाणू वाहून नेते, नाहीतर बुरशीला खायला घालते, आणि आपल्याला झाडावर दिसतो तो शेवटचा परिणाम.

जगात सगळ्यात गाजलेलं उदाहरण डच एल्म रोगाचं. एल्म हे झाड नागपूरकडे नाही, पण आपल्याकडचा वावळ त्याच कुळातला. रोगाला डच नाव पडलं कारण १९२० च्या दशकात त्यावरचं पहिलं मोठं संशोधन नेदरलँड्समध्ये झालं. मरायला टेकलेल्या एल्मच्या सालीखाली एक बारका भुंगेरा अंडी घालतो, तिथल्या बोगद्यांत बुरशीचे चिकट बीजाणू तयार होतात, नवे भुंगेरे तेच अंगाला माखून बाहेर पडतात आणि धडधाकट झाडाच्या कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यात जाऊन साल कुरतडतात. बुरशी त्या जखमेतून पाणी नेणाऱ्या नळ्यांत शिरते, झाड तिला अडवायला स्वतःच त्या नळ्या बुजवतं आणि मग वरची पानं पाण्याविना सुकतात. हे झाड मरायला लागलं की तिथेच भुंगेऱ्यांची पुढची पिढी वाढते. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात बाहेरून आलेल्या लाकडासोबत बुरशीचा जास्त जहाल प्रकार आला आणि अडीच कोटींहून जास्त एल्म गेले.

काही भुंगेरे तर बुरशीची शेतीच करतात. ते लाकूड खात नाहीत, लाकडात भोक पाडून आत बुरशी पेरतात आणि ती खातात, तिचं बियाणं न्यायला त्यांच्या अंगात छोटी पिशवी असते. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबाच्या मर रोगातही शॉट होल बोरर नावाचा भुंगेरा सापडतो, खोडाला टाचणीएवढी भोकं आणि बुडाशी पांढुरका भुसा दिसला की समजायचं. अर्थात मर रोग मातीतूनही पसरतो, सगळं खापर भुंगेऱ्यावर फोडता येत नाही.

आता आपल्या संत्र्याचं. काटोल, नरखेड, वरुडकडे कोळशी, म्हणजे पानाफळांवर चढणारी काळी बुरशी, म्हटलं की कास्तकाराच्या कपाळाला आठ्या पडतात. यात मूळ गुन्हेगार काळी माशी, नाव माशी असलं तरी ही पांढऱ्या माशीच्या घरातली रस शोषणारी कीड आहे. कोवळं पान उलटून बघा, मागच्या बाजूला गोल गोल फिरत गेलेल्या रांगेत अंडी दिसतील, आणि थोड्या दिवसांनी काळीभोर चकचकीत पिल्लं, कडेला मेणाची पांढरी किनार असलेली. ती एकदा जागेवर बसली की हलत नाहीत, रस ओढत राहतात आणि अंगातून गोड चिकट पाणी सोडतात, ते खालच्या पानांवर, फळांवर पडतं आणि त्यावर काळी बुरशी वाढते. बोटानं घासलं तर काजळीसारखी निघते, खालचं पान हिरवंच! म्हणजे ही बुरशी झाडाच्या आत शिरतच नाही, पण ऊन अडवते, पानाचं अन्न करणं मंदावतं, बहार कमी येतो आणि काळ्या फळाला मार्केटमध्ये भाव मिळत नाही.

माझ्या मते बगीच्यात पैसा वाया जातो तो इथेच. पानं काळी दिसली की लोक नुसतं बुरशीनाशक मारतात, वरून, आणि माशी पानामागे तशीच मजेत बसून राहते. अंडी अर्धीअधिक फुटली की माशीवरची पहिली फवारणी, पंधरा दिवसांनी दुसरी, आणि पानाच्या मागच्या बाजूला भिजेल अशी, तेव्हा फरक पडतो.

डिंक्याचा, म्हणजे संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो त्या रोगाचा, दोष मात्र किडीवर टाकू नये, तो साचलेल्या पाण्यातून आणि मातीतून येतो (त्याचा जंतू काटेकोर अर्थानं बुरशीही नाही).

आंब्या बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली) फळं पिकायला लागली की अजून एक पाहुणा येतो, फळातला रस शोषणारा पतंग. अंधार पडला की येतो, सोंड टोकदार, साल भेदून आत घालतो. सकाळी फळावर टाचणी टोचल्यासारखं भोक असतं, त्यातून बुरशी आणि जिवाणू आत जातात, भोवतीचा भाग मऊ पडून सडतो आणि फळ गळतं. म्हणून कास्तकार संध्याकाळी बगीच्यात धूर करतात आणि खाली पडलेली फळं वेचून पुरून टाकतात. बांधावरचे गुळवेल, वासनवेलही काढतात, कारण या पतंगाच्या अळ्या संत्र्यावर नाही, त्या वेलांवर वाढतात.