छत्तिसाव्या दिवसाचा रस्ता

व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात मामाची बॅग उघडली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. दोन लेंगे, टॉवेल, हरिपाठाची पुस्तिका हे सगळं आत गेलं. आफ्टरशेव्हची बाटली आणि खोकल्याचं औषध मात्र बाजूला काढून माझ्या हातात दिलं. मामा ओशाळून हसला. "अहो, ते काय मी पिणार आहे का?" बॅग तपासणारा माणूस तिथलाच जुना पेशंट. तो शांतपणे म्हणाला, "काका, मी प्यायलो होतो."

माणसाला घरातून उचलून महिना-सव्वा महिना दुसरीकडे ठेवायचं, यात उपचार नेमका कुठला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात होता. गोळ्या तर ओपीडीतही मिळतात. पुण्यात हा प्रश्न जुना आहे. ऐंशीच्या दशकात गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, तरुण पोरं पोखरायला सुरुवात केली, तेव्हा डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक हातभार लावला. तिथला पस्तीस दिवसांचा मुक्काम पुढे बऱ्याच मराठी घरांच्या तोंडी बसला.

यातले पहिले दिवस निव्वळ रसायनाचे. मेंदूत कायम एक रस्सीखेच चालू असते. एका बाजूला पेशींना शांत करणारं 'गाबा', दुसऱ्या बाजूला त्यांना चेतवणारं 'ग्लुटामेट'. दारू गाबाच्या बाजूनं दोर ओढते, म्हणून दोन पेगनंतर माणूस सैलावतो. पण रोज तीच बाजू जिंकायला लागली की मेंदू समोरच्या बाजूला माणसं वाढवत जातो. वर्षानुवर्षं अशी भरती झाल्यावर एके दिवशी दारूनं दोर अचानक सोडला, तर काय होणार? समोरची सगळी फळी धाडकन मागे कोसळते. सहा तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलताना ऐकू येतात, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो.

गर्दवाल्याची 'टर्की', म्हणजे गर्द एकदम बंद झाल्यावरचा त्रास, बघवत नाही. नाक-डोळे वाहतात, हाडं ठणकतात, जुलाब थांबत नाहीत. तरी एरवी धडधाकट माणूस त्यातून सहसा मरत नाही. दारू मात्र राजरोस दुकानात मिळते आणि तीच एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. "खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत वठणीवर येईल," असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत त्यांचं ऐकू नये. डॉक्टर या काळात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोरॅझेपॅमसारखी औषधं देऊन दोर हळूहळू सोडतात.

सोबत ब १ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं, इंजेक्शन असतं. घरच्यांना ते 'ताकदीचं' वाटतं. पण थायमिन नसेल तर मेंदूला साखरेतून ऊर्जाच काढता येत नाही. दारू ते आतड्यातून शोषू देत नाही, आणि पिणारा जेवतोय कुठे? त्यामुळे डोळे तिरळे होणं, तोल जाणं, भ्रम होणं ही लक्षणं कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये नोंदवली. पुढे सेर्गेई कोर्साकोव्ह यांनी त्यातलं विसरणं वर्णन केलं. अशा पेशंटच्या आठवणीत भोकं पडतात आणि मेंदू ती मनानं बुजवतो. काल कुठे होता विचारलं तर तो सरळ चेहऱ्यानं पंढरपूरला गेलो होतो म्हणून सांगतो. घरच्यांना वाटतं, थापा मारतोय. त्याला मात्र ते खरंच वाटत असतं.

आठ-दहा दिवसांत हे सगळं निवतं. मामा फोनवर म्हणाला, "आता आठवणसुद्धा येत नाही बघ. उगाच डांबून ठेवलंय." आम्ही खूष. या वाक्यातली मेख मला नंतर कळली.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती स्वस्त आणि शुद्ध हेरॉइन लागलं. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला. साधारण पाचातला एक तिकडे व्यसनाच्या विळख्यात होता. पण मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांपैकी शंभरातले जेमतेम पाचच पुन्हा त्यात अडकले. व्यसन सोबतच्या माणसांना, वासांना, वेळांनाही चिकटलेलं असतं, आणि ते सगळं तिकडेच राहिलं, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. केंद्रात हीच युक्ती असते. फरक इतकाच की सैनिक परत व्हिएतनामला जाणार नव्हता. आमचा मामा मात्र पस्तीस दिवसांनी कसब्यातल्या घरीच येणार होता.

मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांचा १९८२ चा प्रयोग वाचून तर मी हादरलो. उंदरांना एका जागी हेरॉइन आणि दुसऱ्या जागी नुसतं साखरेचं पाणी टोचत गेले. हेरॉइनची मात्रा वाढवत नेली. मग सगळ्यांना एक मोठी मात्रा दिली. नेहमीच्या जागी दिली तेव्हा साधारण ३२ टक्के उंदीर मेले. तीच मात्रा अनोळखी जागी दिली तेव्हा ६४ टक्के. ज्यांनी कधी हेरॉइन घेतलंच नव्हतं, त्यांच्यातले ९६ टक्के. म्हणजे नेहमीची जागा दिसली की शरीर आधीच उलट्या दिशेनं कंबर कसतं. नशा यायची असते, म्हणून तिला तोंड द्यायची तयारी सुरू होते. आणि नशा आलीच नाही तर ती तयारीच अंगावर येते. माझ्या समजुतीप्रमाणे तलफ म्हणतात ती बरीचशी हीच.

केंद्रात ही तयारी सुरूच होत नाही, कारण ओळखीचं काही दिसतच नाही. म्हणून आठवण येत नाही. मार्क बाउटन यांनी प्राण्यांवर दाखवून दिलं की सवय दुसऱ्या जागी विझवली तरी पुसली जात नाही. मूळ जागी परत नेलं की ती डोकं वर काढते. "मला कळलंय, आता मी बरा" हे पेशंटचं म्हणणं खोटं नसतं, फक्त ते त्या इमारतीपुरतं खरं असतं. केंद्रातून सुटल्यावर गर्दवाल्याचा जीव तर दुहेरी धोक्यात असतो. महिनाभरात अंगाची सहनशक्ती उतरलेली असते, आणि घरी येऊन जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो.

म्हणून जाणती केंद्रं डिस्चार्जपेक्षा फॉलो-अपला जास्त जपतात. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही तलफेला लगाम घालणारी औषधं आहेत. डायसल्फिराम वेगळं. त्यावर दारू प्यायली तर ॲसिटाल्डिहाइड साचतं, छाती धडधडते, तोंड लाल होतं, उलट्या होतात. भिंतींवर 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती रंगवलेल्या दिसतात. या औषधाचं तसं करणं, म्हणजे भाजीत कालवून देणं, हा शुद्ध जीवघेणा प्रकार आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० त एक. मामा त्या एकात बसला, हे नशीबच.

मामा पूर्वी शनिवारवाड्याला उतरायचा. तिथून घरापर्यंतच्या गल्लीत परमिट रूम, बाहेर तळलेल्या मसाला डाळीचा वास. समुपदेशकानं त्याला कागदावर रस्ताच काढून दिला. आता तो मनपाला उतरतो आणि डेंगळे पुलावरून, कुंभारवाड्याकडून येतो. बरंच जास्त चालावं लागतं.

गेल्या जुलैत धो धो पाऊस होता. संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. "बस मनपाला थांबलीच नाही रे. शनिवारवाड्याला उतरलोय. फोन ठेवू नकोस, काहीही बोल." मी क्रिकेटवर बोलायला लागलो, मग भाजीच्या भावावर. मधेच तो म्हणाला, "डाळीचा वास आला." मी बोलत राहिलो. पलीकडे छत्रीवर पाऊस वाजत होता. मग कडी निघाल्याचा आवाज आला आणि मामी म्हणाली, "केवढे भिजलात!"